तूलचं छप्पर

नोव्हेंबरात जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला दोन दिवस सारखा वारा सुटला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी वसुधाला बेडरूमच्या छताला ओल आलेली दिसली. नवरा श्रीनाथ कामावर गेला होता, मुलगी इरा शाळेत. वसुधा खाली गेली, घरमालकिणीचं दार वाजवलं आणि माळ्याची किल्ली मागितली.

"मी हांडवेर्करला, दुरुस्तीच्या कारागिराला, फोन करते," फ्राउ बाउअर म्हणाल्या. "पण तो काही पुढच्या महिन्याआधी यायचा नाही."

"तोवर मी बघून तर येते."

म्हातारी नव्वदीला टेकलेली. घरात कुणी माळ्यावर चढतंय हे तिला मुळीच आवडलं नसावं, पण तिनं किल्ली दिली. वसुधा मोबाइलच्या उजेडात वर वाकून फिरली. एक कौल सरकलं होतं आणि पाणी वाशाच्या अंगानं ओघळत येऊन भलतीकडेच ठिबकत होतं. खाली येऊन तिनं फ्राउ बाउअरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर, आढं, वासे, रिपा आणि ते एक कौल असं भराभर काढून दाखवलं. बोलण्यापेक्षा तिला ते सोपं होतं. तिचं जर्मन अजून अडखळत चालायचं.

फ्राउ बाउअर चित्राकडे बघत राहिल्या. मग वसुधाकडे.

"हे कुठं शिकलात तुम्ही?"

"पुण्यात. मी आर्किटेक्ट आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती करायचे." 'आहे' म्हणायचं की 'होते', हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. पाच वर्षांत इथं तिच्या हाताला विटेचा तुकडासुद्धा लागला नव्हता. आधी भाषेचे क्लास, मग डिग्रीची मान्यता, मग इराची शाळा, आणि मग नुसतेच दिवस.

"माझे वडील छपरं घालायचे," फ्राउ बाउअर म्हणाल्या. "दगडी पाट्यांची. इथं नाही. तूलमध्ये."

"तूल म्हणजे?"

"फ्रान्समध्ये. लोरेनमध्ये."

वसुधा चकित झाली. पाच वर्षं ती या बाईच्या डोक्यावर राहत होती. जिना झाडायची पाळी कुणाची, हे दाराला पाटी अडकवून ठरवणारी, कागदाच्या कचऱ्यात प्लास्टिक दिसलं तर वर येऊन बेल वाजवणारी ही बाई वसुधाच्या घरात अस्सल श्वाबियन, म्हणजे पक्की इथलीच, म्हणून ओळखली जायची. आपसात ते तिला 'खालच्या आजी' म्हणायचे.

"म्हणजे तुम्ही फ्रेंच आहात?"

"होते," आजी म्हणाल्या, आणि कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायला उठल्या.

त्या दिवसापासून मंगळवारी दुपारी वसुधा खाली जायला लागली. पहिल्यांदा वरची गळती कशी आहे ते सांगायला, नंतर काहीच कारण नसताना. आजींचं नाव ओदील होतं. त्यांना बोलायचं होतं ते एकाच इमारतीबद्दल.

तूल हे गाव एवढंसं. मोझेल नदीच्या काठी, जुन्या तटबंदीच्या आत. पण त्या गावात मोठं कॅथेड्रल होतं, संत एतिएनचं. तेराव्या शतकात बांधायला घेतलं आणि पुढची तीनेक शतकं बांधत राहिले. समोरच्या अंगाला दोन उंच मनोरे, दगडाची लेस विणल्यासारखे. ज्यांनी पाया घातला त्यांच्या खापरपणतवंडांनीसुद्धा ते पुरं झालेलं पाहिलं नसेल, असं ओदीलचे वडील सांगायचे. तूलचा बिशप म्हणजे एके काळी छोटा राजाच. त्याचं आसन, कॅथेड्रा, त्या चर्चमध्ये, म्हणून ते कॅथेड्रल. मग क्रांती झाली. दर्शनी भिंतीवरचे संत लोकांनी हातोड्यांनी फोडले. धर्मप्रांतच रद्द झाला, बिशप गेला. पुढं नेपोलियननं पोपशी तह केला, देवळं पुन्हा उघडली, पण तूलला बिशप काही परत मिळाला नाही. तो शेजारच्या नान्सीला बसला. नान्सी शहर म्हणून तूलच्या मानानं कालचं पोर. नान्सीचा बिशप आपल्या पदवीत तूलचंही नाव लावतो, एवढाच काय तो मान.

"म्हणजे तेव्हापासून ते कॅथेड्रल नाहीच," वसुधा म्हणाली.

"कागदावर नाही. साधं गावातलं चर्च. पण तूलमध्ये जाऊन तुम्ही कुणाला 'चर्च कुठं आहे' असं विचारून बघा. लोक म्हणतील, कोणतं? आणि 'कॅथेड्रल' म्हणालात की हात वर करून दाखवतील." आजी हसल्या. "दीडशे वर्षं झाली तरी बाबा ते असं सांगायचे, जसा काही बिशप कालच सामान बांधून गेलाय आणि रविवारपर्यंत येईल."

वसुधा ऐकता ऐकता कागदावर काढत जायची. आजी दुरुस्त करायच्या. नाही, मनोरे वर अष्टकोनी होतात. नाही, तिथं खिडकी मोठी. एकदा चित्रात वसुधानं चर्चवर उंच, तीव्र उताराचं छप्पर काढलं, तसं आजींनी तिच्या हातातली पेन्सिल धरली.

"हे नव्हतं."

एकोणीसशे चाळीसच्या जूनमध्ये जर्मन तोफा तूलवर चालल्या, तेव्हा ओदील सहा वर्षांची होती. आईनं तिला आणि धाकट्या भावाला घेऊन गाव सोडलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी परत आले, तर निम्मं गाव जळालेलं आणि कॅथेड्रलचं छप्पर नाहीसं झालेलं. आतला ऑर्गन जळून गेला होता. दगडी कमानींचं छत मात्र टिकलं होतं. एके दिवशी वडील तिला मनोऱ्याच्या जिन्यानं वर घेऊन गेले. तिथून तिनं जे पाहिलं ते कुठल्याच चित्रात नसतं: कमानींची पाठ. मोठमोठ्या पालथ्या वाट्या ओळीनं मांडून ठेवाव्यात तशी. त्यावर पावसाचं पाणी साचलेलं, आणि पाण्यात आभाळ.

"बाबा म्हणाले, नीट बघून घे. मी हे एकदा झाकलं की पुन्हा कुणाला दिसायचं नाही."

"आणि झाकलं त्यांनी?"

"नाही. युद्धानंतर पैसा कुठं होता? एक बुटकं, तात्पुरतं छप्पर घातलं. बाबांनी त्यावरही काम केलं, पण ते त्याला छप्पर म्हणायचेच नाहीत. झाकण म्हणायचे. खरं छप्पर मी घालणार, म्हणायचे."

विलीची गोष्ट त्यांनी डिसेंबरात सांगितली. विली बाउअर याच गावचा, झिंडेलफिंगेनचा. अठराव्या वर्षी युद्धकैदी झाला आणि तूलमध्ये पडक्या घरांचे दगड उचलायला लागला. सुटका झाली तेव्हा घरी परतायच्या ऐवजी पगारावर तिथंच राहिला. ओदीलच्या वडिलांनी त्याला पाट्या वर चढवायला ठेवून घेतलं. पोरगा कामाचा होता, उंचीला घाबरत नव्हता. दुपारचं जेवण त्यांच्याच टेबलावर व्हायचं. असं आठ वर्षं चाललं. आणि मग ओदीलनं सांगितलं की मी याच्याशी लग्न करणार.

"बाबांनी आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, ज्यांनी छप्पर जाळलं त्यांच्यातला एक माझ्या शिडीवर चालेल, जावई म्हणून माझ्या घरात चालणार नाही. जायचं तर जा, पण पुन्हा या गावात येऊ नकोस."

"आणि तुम्ही गेलातच नाहीत? एकदाही?"

"विली म्हणायचा, जाऊ या. मी म्हणायचे, ते बोलावतील तेव्हा." आजींनी टेबलावरचा चुरा बोटानं गोळा केला. "ते वारल्याचं भावानं कळवलं. दफन होऊन गेल्यावर. मग विली वारला, मग भाऊही वारला. आता बोलावणार कोण?"

इथून तूल मोटारनं चार तासांवर. वसुधाला ते एकदम आठवलं आणि तिला वाटलं, चार तास हे अंतर असूच शकत नाही. तिचे स्वतःचे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत साताऱ्याला वारले, तेव्हा विमानंच बंद होती. तिनं सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, आणि मधेच नेटवर्क गेलं होतं.

तिनं खिशातून फोन काढला. "नवं छप्पर घातलंय त्यांनी, आजी. मी परवा फोटो पाहिले. बघायचंय?"

"नको!" आजी एवढ्या जोरात म्हणाल्या की वसुधानं फोन पालथा ठेवला.

रात्री जेवताना तिनं श्रीनाथला सगळं सांगितलं. इरा मधेच जर्मनमध्ये म्हणाली की तिला भाजी नको आहे. वसुधा म्हणाली, "मराठीत सांग." इरानं तेच पुन्हा जर्मनमध्ये सांगितलं, जरा सावकाश, आईला कळावं म्हणून.

फेब्रुवारीत आजी बाथरूममध्ये घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण दोन आठवडे हॉस्पिटलात काढावे लागले. वसुधा सूप घेऊन जायची. एका दुपारी त्यांनी खिडकीकडे बघत विचारलं, "तुमचे मिस्टर शनिवारी काय करतात?"

"झोपतात," वसुधा म्हणाली. "का?"

"मला एकदा तूलला जायचंय. पायांवर उभी आहे तोवर."

श्रीनाथनं आधी कुरकुर केली. "आल्झो, म्हणजे बघ, येऊन-जाऊन आठ तास. नव्वद वर्षांची बाई. वाटेत काही झालं तर?"

"तर तू गाडी चालवशील आणि मी त्यांचा हात धरीन," वसुधा म्हणाली. "श्रीनाथ, पाच वर्षांत मी तुझ्याकडे एका इमारतीसाठी काही मागितलंय?"

"नाही मागितलंस," तो म्हणाला. "मागायला हवं होतंस."

एप्रिलमधल्या एका शनिवारी ते निघाले. इरा मैत्रिणीकडे राहिली. आजींनी निळा कोट घातला होता, केस सेट करून घेतले होते. सरहद्दीवरच्या केल गावापर्यंत त्या रस्त्यांच्या कामांबद्दल, डिझेलच्या भावाबद्दल बडबडत होत्या. ऱ्हाइन ओलांडली आणि गप्प झाल्या. नान्सी मागं पडल्यावर श्रीनाथ म्हणाला, "पाचेक मिनिटांत दिसेल बहुतेक." आजींनी डोळे मिटून घेतले.

"आधी कबरस्तान," त्या म्हणाल्या. "तिथं जाईपर्यंत मला काही दाखवू नका."

कबरस्तान नीटनेटकं होतं. वडिलांच्या कबरीची जागा आजींना पक्की ठाऊक होती. त्यांच्या आजी-आजोबांचीही तीच. भिंतीच्या कडेनं, विहिरीनंतर उजवीकडे. त्या काठी टेकत झपाझप गेल्या, इतक्या की वसुधा मागं राहिली. आणि मग थांबल्या. तिथं गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटची नवी कबर होती, दुसऱ्याच कुठल्या तरी कुटुंबाची. चकाकत्या दगडावर एका हसऱ्या माणसाचा मासेमारी करतानाचा फोटो कोरलेला.

श्रीनाथ राखणदाराला शोधून घेऊन आला. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं समजावून सांगितलं, वाईट वाटत असल्यासारखं: जागा ठराविक वर्षांसाठी दिलेली असते. मुदत संपली, दगडाला सूचना चिकटवली, कुणी आलं नाही. मग नियमाप्रमाणे अस्थी काढून तिकडे, कोपऱ्यातल्या सामायिक जागेत ठेवल्या. बरीच वर्षं झाली.

वसुधानं ते जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. आजींनी हात वर केला. त्यांना फ्रेंचमधून, इंग्रजीतून, त्या माणसाच्या चेहऱ्यावरून, कळलंच होतं.

सामायिक जागेवर एक साधा क्रूस होता आणि खाली गवत. आजी तिथं उभ्या राहिल्या. पुष्पगुच्छ कुठं ठेवावा हे कळेना, तेव्हा वसुधानं तो हातातून घेतला आणि क्रूसाच्या पायाशी ठेवला.

"तुमच्या वडिलांची कबर कुठं आहे?" आजींनी एकदम विचारलं.

"आमच्यात कबर नसते. राख नदीत सोडतात."

"मग भेटायचं झालं तर जायचं कुठं?"

श्रीनाथनं हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी त्यांच्या बोलावण्याची वाट बघत होते," आजी म्हणाल्या, "आणि इथं हे लोक दगडावर कागद चिकटवून माझी वाट बघत होते."

तिथून ते कॅथेड्रलकडे निघाले. गाडी वेशीतून आत शिरली, दोन अरुंद गल्ल्या वळली आणि चौकात थांबली. आजींनी आता डोळे उघडे ठेवले होते. श्रीनाथनं दार उघडलं. त्या उतरल्या, गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि मान वर केली.

मनोरे तसेच होते. अष्टकोनी, वर काळवंडलेले, मध्येच नव्या दगडाचे पिवळे तुकडे. दर्शनी भिंतीवर संतांच्या रिकाम्या चौकटी. वसुधा आजींना धरून बाजूच्या गल्लीत घेऊन गेली, कारण समोरून छप्पर दिसत नव्हतं. तिथून ते दिसलं. उंच, उभं, अख्ख्या गावावर ओणवं झालेलं. नुकताच पाऊस पडून गेल्यानं चकाकत होतं.

आजी खूप वेळ बघत होत्या.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं. "माझी नजर आता तेवढी पोचत नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं."

वसुधानं पाहिलं. पाच वर्षांनी तिला कुणीतरी हा प्रश्न विचारत होतं. ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, पलीकडच्या पायरीवर चढली. ओळी बघितल्या, आढ्याची रेघ बघितली, भिंतीला छप्पर मिळतं ते सांधे बघितले, पन्हळीची कड बघितली. घाई केली नाही.

"चांगलं आहे, आजी. ओळी सरळ आहेत. सांधे नीट आहेत."

"काही तरी चुकलं असेलच. बाबांना लगेच सापडलं असतं."

वसुधानं पुन्हा वर पाहिलं. एखादी खोटी चूक सांगावी असं तिला क्षणभर वाटलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर तेवढीच एक मागणी होती.

"नाही," ती म्हणाली. "मला इथून एकही चूक दिसत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी मनापासून केलंय."

आजींचा चेहरा आधी कडक झाला. मग त्या भर गल्लीत, निळा कोट घालून, लहान मुलीसारख्या हुंदके देत रडल्या. "त्यांच्यावाचून झालं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "त्यांच्यावाचून झालं की हो."

आत शिरल्यावर गारवा लागला. दगडी कमानी खूप वर जाऊन एकमेकींना मिळत होत्या. आजी शेवटच्या बाकावर बसल्या. फुलं बदलणारी एक बाई जवळ आली आणि वाकून काहीतरी विचारलं; बरं वाटत नाही का, पाणी हवंय का, असं काहीसं. आजींनी उत्तर दिलं. वसुधाच्या लक्षात आलं की ते तिला सगळं कळलं, कारण आजी जर्मनमध्ये बोलल्या होत्या. बाईनं भुवया उंचावल्या, मग सावकाश, मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "डांके, गुट," म्हणजे धन्यवाद, ठीक आहे, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेलं जर्मन माहितीपत्रक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

आजींनी ते उघडलं नाही. बाई गेल्यावर त्या पुटपुटल्या, "तोंडात आलंच नाही. शब्द होते, आत होते, पण आलेच नाहीत."

"घाई नाही," वसुधा म्हणाली. "बसू या."

ते बसले. श्रीनाथ एका खांबाजवळ उभा राहून वर बघत होता. एवढं वजन हे लोक गणकयंत्राशिवाय कसं पेलत होते, असं त्यानं नंतर विचारलं आणि वसुधानं त्याला सगळं समजावून सांगितलं, हातांनी, खांबाला हात लावून, कितीतरी वेळ. ती बोलत होती आणि आजी तिचं मराठी ऐकत होत्या.

"काय सांगत होतात त्यांना?"

"वजन कसं खाली येतं ते."

आजींनी काठीनं वर दाखवलं. "त्याच्यावर त्या वाट्या आहेत. पालथ्या. आता अंधारात. मला वाटायचं, मला हे छप्पर बघायचंय. सत्तर वर्षं वाटत होतं. पण मला ते हवं नव्हतं. मला ते पाणी हवं होतं. आणि त्यांचा हात." "तेव्हा त्यांनी मला घट्ट धरलं होतं. पडू नये म्हणून."

परतताना संध्याकाळ झाली. स्ट्रासबुर्गच्या अलीकडे, अजून फ्रान्समध्येच असताना, आजी म्हणाल्या की पाव घ्यायचाय, गाडी थांबवा. एका वस्तीतल्या बेकरीसमोर श्रीनाथनं गाडी उभी केली आणि सोबत उतरायला निघाला. आजींनी हातानंच त्याला बसवलं.

काचेतून ते दोघं बघत होते. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. आजी काहीतरी म्हणाल्या. मुलगी कान पुढं करून वाकली. आजी पुन्हा बोलायला लागल्या, थांबल्या, हात हलवला, पुन्हा सुरुवात केली. मागं दोघं-तिघं येऊन उभे राहिले. मुलीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती आजींकडे बघत होती.

"जाऊ का मी?" श्रीनाथ म्हणाला.

"थांब जरा."

आजी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एवढा मोठा लांब पाव होता आणि गाल लाल झाले होते. मागच्या सीटवर बसून त्यांनी पट्टा लावायला बराच वेळ घेतला.

"काय बोललात?" वसुधानं विचारलं.

"विचारलं, पाव आजचा आहे का. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, चांगला भाजलेला दे. मग तिनं विचारलं, मादाम, तुम्ही लोरेनच्या का? तिची आजी अशीच बोलायची म्हणे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तूलची," आजी म्हणाल्या, आणि पावाचं टोक मोडून आधी श्रीनाथला दिलं.

मे महिन्यात वसुधानं एस्लिंगेनमधल्या एका छोट्या ऑफिसला अर्ज केला. जुन्या इमारतींची मोजमापं घेणारे चार लोक होते ते. तिच्या जर्मनबद्दल त्यांनी विचारलं, तिनं जसं आहे तसं सांगितलं. मग चित्रं दाखवली. आठवड्यातले तीन दिवस काम मिळालं, पगार बेताचा. पहिलं काम ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका चॅपेलचं होतं. तिथून परत आल्यावर तिच्या बुटांना चुना लागलेला असायचा आणि फ्राउ बाउअर जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या की आता हा जिना कोण झाडणार. मग विचारायच्या, छप्पर कशाचं आहे तिथं? आणि वसुधा बूट काढून, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, त्यांना सगळं सविस्तर सांगायची.